दंड, शासन आणि शिष्य : विद्यार्थ्यांच्या चळवळींविषयींचे दोन जुने वाद

विद्यार्थ्यांनीं चळवळ केली असतां विद्यालयानें त्यांशीं कसें वागावें, हा वाद आजचा नव्हे. महाराष्ट्रांत त्यास शंभरांहून अधिक वर्षें झालीं. वादांत कोण कोणत्या पक्षाचा होता हें लोकांच्या स्मरणांत आहे. परंतु दंड नेमका काय झाला, तो कोठपर्यंत पोंचला, आणि दंडितास पुढें कोणीं थारा दिला, या तीन गोष्टींकडे फारसें लक्ष दिलें जात नाहीं. प्रस्तुत लेखांत १९०५ व १९३८ या सालांतील प्रकरणें याच दृष्टीनें तपासण्याचें योजिलें आहे.

१९०५ च्या आक्टोबरांत, दसऱ्याच्या सुमारास, पुण्यास विदेशी कापडाची होळी झाली. तींत पुढाकार घेतल्यावरून फर्ग्युसन कालेजचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांस दहा रुपये दंड झाला व वसतिगृहांतून काढण्यांत आलें. प्राचार्य होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजचे पहिले हिंदी सीनियर रँग्लर. या दंडावर केसरीनें कडक टीका केली. ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ हा तींतील मथळा प्रसिद्धच आहे. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें हें कालेज, तिच्या संस्थापकांपैकीं टिळक स्वतः एक होते व १८९० त तींतून बाहेर पडले होते, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वाद घरचाच होता.

दोन्ही पक्षांस आधार होता. १९०४ च्या कायद्यानें कालेजांवरील विद्यापीठाचा व पर्यायानें सरकारचा ताबा घट्ट झाला होता. बंगाल्यांत त्याच आक्टोबरांत निघालेल्या कार्लाइल परिपत्रकानें, विद्यार्थी राजकारणांत पडल्यास संस्थेचें अनुदान बंद करण्याची धमकी दिली. अशा काळीं एका मुलाच्या कृत्यानें सर्वांचें विद्यालय संकटांत येऊं नये, असें चालकांस वाटल्यास नवल नाहीं. उलट पक्षीं, होळी कालेजाच्या आवारांत झाली नव्हती, कोणाच्या पाठांत तीमुळें खंड पडला नव्हता. मग गुरूनें सरकारचें काम आपल्या हातीं कां घ्यावें, हा प्रश्नही खोटा नव्हता. परंतु दंडाचें मान पाहिलें तर दिसतें कीं, विद्येचें द्वार बंद झालें नाहीं. सावरकर पुढें बी. ए. झाले.

१९०७ च्या रिस्ले परिपत्रकानंतर मात्र हें मान बदललें. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलांतून ‘वंदे मातरम्’च्या घोषणेवरून केशव बळिराम हेडगेवार यांस काढण्यांत आलें व त्यांस यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेचा आश्रय घ्यावा लागला. राष्ट्रीय शाळा थारा देत. सरकारमान्य विद्यापीठाची पदवी देऊं शकत नसत. दंडाची खरी धार येथें होती.

आतां १९३८. निजामाच्या राज्यांत त्या वर्षीं २४ आक्टोबरास स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कालेजाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून वाद पेटला, आणि लवकरच तो उस्मानिया विद्यापीठाच्या हैदराबादेंतील वसतिगृहांत व इतर गांवच्या कालेजांत पसरला. विद्यार्थ्यांचें म्हणणें, हें आमचें प्रार्थनागीत आहे. अधिकाऱ्यांचें म्हणणें, हें राजकीय गीत असून दुसऱ्या समाजास दुखविणारें आहे. हा दुसरा आक्षेप केवळ निजामाचा नव्हता. १९३७ त काँग्रेसच्या कार्यकारी समितीनेंही, मुसलमानांचे आक्षेप विचारांत घेऊन, गीताचीं पहिलीं दोनच कडवीं म्हणावीं असें ठरविलें होतें. परंतु उस्मानियाचें शिक्षण उर्दूंतून चाले, आणि मराठवाड्याच्या मुलांस स्वभाषेंतून उच्च शिक्षण कोठेंच नव्हतें. ही मूळ व्यथा गाण्याच्या वादाखालीं होती. शेवटीं शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें.

येथें नागपूर विद्यापीठाचें कार्य सुरू होतें. १९२३ त स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे त्या वेळचे कुलगुरु टी. जे. केदार यांनीं या बहिष्कृतांस प्रवेश दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे अशांपैकींच एक. पदवी देणाऱ्या एका विद्यापीठानें दुसऱ्याचा दंड आपल्या सीमेवर थांबविला, हें या प्रकरणाचें वैशिष्ट्य होय. राष्ट्रीय शाळांस जें साधलें नव्हतें तें येथें साधलें.

असें केल्यानें शिस्त ढिली होते, असा आक्षेप घेतां येईल. तो विचारार्ह आहे. विद्यार्थी जर इतरांचा पाठ बंद पाडील, कोणास मारील वा धमकावील, तर त्यास आवरणें हें संस्थेचें कर्तव्यच आहे. परंतु संस्कृतांत शासन, शास्त्र आणि शिष्य हे तिन्ही शब्द एकाच ‘शास्’ धातूपासून निघाले आहेत. शिष्य म्हणजे ज्यास शिकवावयाचें व वळण लावावयाचें तो. ज्या दंडानें शिकणेंच संपतें, त्यास दंड म्हणतां येईल, शासन म्हणतां येणार नाहीं. १९०५ चा दंड अयोग्य असला तरी शासनाच्या मर्यादेंत होता. १९३८ चा दंड ती मर्यादा ओलांडून गेला, व नागपूरनें ती पुन्हा आंखून दिली. आमचें मत असें आहे.

आतां संग्राहकांस एक विनंति. सनदा, महजर, करीने आपण जिवापाड जपतों. परंतु शाळेचा दाखला, वसतिगृहाची नोटीस, बापानें मुलास लिहिलेलें कानउघाडणीचें पत्र हे कागद रद्दींत जातात. मराठवाड्यांतील व विदर्भांतील घरांत १९३८ चे असे कागद असल्यास ते आजच शोधले पाहिजेत. ज्यांनीं ते लिहिले त्यांची पिढी गेली, आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीं. दाखल्यावर काढल्याचें कारण काय लिहिलें, तारीख कोणती, पुढचा प्रवेश कोठें व कितव्या दिवशीं झाला, एवढें तीन ओळींत टिपून ठेवलें तरी पुरे. आमचें गांव तिरोडा तालुक्यांत तलावाकांठीं वसलेलें. येथें विद्यापीठ नाहीं, पण येथील मुलें आजही नागपूर विद्यापीठाचीच पदवी घेतात. त्या पदवीच्या इतिहासांत हें एक मानाचें पान आहे. तें केवळ ऐकीव राहूं नये.

बोदलकसा, ता. तिरोडा