ऐंशी लाखांत जीप किती? दोनशे की दोन हजार?

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घ्यायची आहे. पैसे मोजके आहेत, विकणारा अनोळखी आहे आणि गाडी नीट बघण्याआधीच तो बयाणा मागतोय. तुम्ही काय कराल? "आधी मेकॅनिकला दाखवू, मग बोलू" असंच म्हणाल ना?

१९४८ साली भारत सरकार जवळपास याच जागी उभं होतं, आणि सरकारने मेकॅनिकला दाखवण्याआधी पैसे मोजले. हा व्यवहार पुढे 'जीप घोटाळा' म्हणून ओळखला गेला. तुमच्यापैकी कुणी स्पर्धा परीक्षांच्या वाटेने आला असेल तर 'स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा' अशी एक ओळ पाठही असेल. त्या ओळीतल्या एका आकड्याबद्दल आज लिहायचं आहे, कारण दुय्यम साधनं कशी वाचायची हे मी त्या आकड्यामुळे शिकले.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. ऑक्टोबर १९४७ पासून काश्मीरमध्ये लढाई चालू होती, सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची कारवाई झाली. लष्कराला जीप हव्या होत्या आणि लगेच हव्या होत्या. नव्या जीप अमेरिकेत मिळत, पण डॉलरची टंचाई होती. भारताची मोठी शिल्लक ब्रिटनकडे पौंडांत अडकलेली होती. अशा वेळी लंडनमध्ये शोधाशोध करणं मला तरी वेडेपणा वाटत नाही. शिवाय महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी युरोपात पडून होत्या. त्या दुरुस्त करून, रंग मारून 'रिकंडिशन्ड' म्हणून विकणारे दलालही होते. ब्रिटनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून अशाच एका फारशा माहीत नसलेल्या कंपनीशी करार केला. कराराची रक्कम ८० लाख रुपये. बरेच पैसे माल येण्याआधीच गेले. भारतात पोचल्या १५५ जीप, आणि त्या वापरण्याजोग्या नव्हत्या.

आता मूळ मुद्दा. करार किती जीपचा होता? थोडं वाचलंत तर दोन उत्तरं सापडतील. काही ठिकाणी २००, काही ठिकाणी २,०००. दोन्ही आकडे आत्मविश्वासाने छापलेले, आणि एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं. मी आधी २०० वाचलं होतं आणि एका सेमिनारमध्ये तेच सांगून मोकळीही झाले होते. कुणी अडवलं नाही, हेच वाईट.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, इतिहासाची नाही. त्यामुळे पुराभिलेखागारात जाण्याआधी मला एकच गोष्ट येते: भागाकार. तेव्हा रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स होता, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये आणि वर एक तृतीयांश. ८० लाख रुपये म्हणजे बरोबर ६ लाख पौंड. आता भागून बघा. जीप २०० असतील तर एका जीपला ३,००० पौंड पडतात. २,००० असतील तर ३०० पौंड.

३,००० पौंड म्हणजे किती हे कळायला एक मोजपट्टी लागते. विलीजची नागरी जीप, सीजे-२ए, १९४५ साली अमेरिकेत १,०९० डॉलरला मिळे. १९४८ मध्ये पौंडाला ४.०३ डॉलर असा दर होता. म्हणजे ३,००० पौंड झाले सुमारे १२,००० डॉलर, एका जुन्या जीपच्या किमतीत अकरा नव्या जीप! कितीही गलथान व्यवहार धरला तरी हे पटत नाही. उलट ३०० पौंड म्हणजे सुमारे १,२०० डॉलर. वाहतूक आणि सुटे भाग धरले तर हा आकडा शक्य कोटीतला आहे. काही लेखनात करारातला दर नगामागे ३०० पौंड असाच दिलेला आहे, तोही याच्याशी जुळतो. २०० वर एक शून्य कमी आहे, असं माझं मत झालं ते इथे.

"एका शून्याने काय बिघडतं?" असं वाटेल. पण सगळी गोष्टच बदलते. २०० पैकी १५५ आल्या असतील तर पुरवठादाराने तीन चतुर्थांश माल दिला, माल खराब निघाला, एवढीच तक्रार उरते. २,००० पैकी १५५ म्हणजे आठ टक्केही नाही, तिथे करारच कोसळलेला असतो. उलट दराकडे बघितलं तर २०० वाला आकडा मेनन यांच्यावर दहापट महाग खरेदीचा ठपका ठेवतो, जो २,००० वाला ठेवत नाही. तरीही ३०० पौंड स्वस्त होते असं समजू नका. वापरलेल्या गाडीला नव्या गाडीच्या आसपासची किंमत, हा आक्षेप उरतोच. आणखी एक, '८० लाख बुडाले' असं वाक्य दिसलं की थांबा. कराराची रक्कम, प्रत्यक्ष दिलेले पैसे आणि झालेलं नुकसान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासणीला इतकं महत्त्व का, हे समजायला या गाडीची रचना बघावी लागते. जीपची चारही चाकं कायम इंजिनच्या जोरावर फिरत नाहीत. साध्या रस्त्यावर फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर केसचा लिव्हर टाकला की पुढच्या अ‍ॅक्सललाही जोर मिळतो. म्हणजे पुढची यंत्रणा पूर्ण निकामी असली तरी गाडी गोदीपासून छावणीपर्यंत छान चालू शकते. दोष कळतो तो चिखलात, चढावर. त्यात विलीज आणि फोर्डचे बहुतेक भाग एकमेकांना बसत, त्यामुळे तीन मोडक्या जीपमधून एक 'रिकंडिशन्ड' जीप सहज उभी राहते. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा, इंग्रजी एफ अक्षर उठवलं होतं. जुन्या जीपचे शौकीन आजही ते अक्षर शोधत गाडीखाली शिरतात. वस्तूचं मूळ असं तपासावं लागतं, रंगावरून ते कळत नाही.

पुढे चौकशी झाली, संसदेत वाद झाले, आणि ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण सरकारच्या दृष्टीने संपल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांत मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. याच सुमारास मुंबईत माझगावला महिंद्रांचं विलीजच्या जीप जुळवण्याचं काम चालू होतं. आज आपल्याकडे विकायला असलेल्या बऱ्याच म्हाताऱ्या जीपचं कूळ तिकडे जातं.

भागाकाराने मला एवढंच कळलं की २०० अशक्यप्राय आहे. २,००० सिद्ध झाले असं मी म्हणणार नाही. त्यासाठी लोकलेखा समितीचे अहवाल आणि संसदेतल्या चर्चा वाचायला हव्यात. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुन्या चर्चा स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. शब्दशोध नेहमी लागतोच असं नाही, तेव्हा तारखेने जा आणि पानं उलटा.

या सगळ्यात मी शिरले कशी, तर आम्हाला फील्डवर्कसाठी जुनी फोर-बाय-फोर हवी होती. आम्ही तिघे, प्रत्येकाच्या फेलोशिपमधून थोडे थोडे पैसे. सह्याद्रीतल्या वाटा पावसाळ्यानंतर कशा होतात ते भूशास्त्रवाल्यांना सांगायला नको. एक जीप पसंत पडली होती. हिरवा रंग ताजा, किंमत आवाक्यात. मालक म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज निम्मे द्या." आम्ही दुसऱ्या दिवशी मेकॅनिक काकांना घेऊन गेलो. त्यांनी आधी आरसीवरचा चासी नंबर फ्रेमवरच्या नंबराशी ताडून बघितला. तो जुळला. मग ते गाडीखाली गेले आणि लगेच बाहेर आले.

"पुढचा प्रोपेलर शाफ्ट कुठंय?"

मालकाने आत हात घालून लिव्हर हलवून दाखवला. "फोर-बाय-फोरच आहे, हा बघा ना लिव्हर!"

लिव्हर होता. पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारा दांडाच काढून टाकलेला होता.