आग्रा रोड, फियाट आणि धुक्याचे दिवे

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. रात्री गाडी किंवा दुचाकी चालवणाऱ्यांनी तर जरूर वाचा.

गेल्या पावसाळ्यात नाशिकहून मुलुंडला परत येत होतो. इगतपुरी सोडली आणि कसाऱ्याच्या घाटात धुक्याने गाठलं. सवयीने हाय बीम टाकला, तर समोर पांढरी भिंत! लो बीमवर आलो तेव्हा जरा दिसायला लागलं, तेही चार पट्ट्यांपुरतं. माझी गाडी खालच्या मॉडेलची. बंपरवर फॉग लॅम्पच्या जागी प्लॅस्टिकची गोल झाकणं. घरी पोचलो आणि ठरवलं, हे दिवे आपणच बसवायचे.

आपणच का, याला कारण आहे. आमच्या घरात ही परंपरा आहे. वडिलांकडे फियाट होती. ती जिथे बनली तो कारखाना आमच्याच रस्त्यावर, कुर्ल्याला. आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुन्या लोकांचा आग्रा रोड. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे करत हाच रस्ता पुढे कसारा घाट चढून नाशिककडे जातो. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ जुळवल्या जायच्या, मग फियाट आली, आणि सत्तरच्या दशकात तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. आज त्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

त्या काळात गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि मिळे ती अगदी बोडकी. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 च्या साध्या मॉडेललासुद्धा डाव्या बाजूचा आरसा नसे. मग आरसा, हॉर्न, सीट कव्हर, जादा दिवे, सगळं बाजारातून आणून लावायचं. ऑपेरा हाऊस, कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड आणि जुन्या मालासाठी चोरबाजार. क्रोमच्या बंपरवर पिवळ्या काचेचे दोन गोल दिवे ही तेव्हाची हौस होती, पण निम्मी गरजही होती. म्हणजे गाडीला बाहेरून काही लावण्याची आपली सवय नुसत्या शायनिंगची नाही, ती टंचाईतून आली आहे. हे आधी मान्य करू, म्हणजे पुढचं बोलता येईल.

आता थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाईडचे दिवे असत. पाणी ठिबकायचं, गॅस तयार व्हायचा, तो पेटवायचा. उजेड आजच्या मानाने बेताचा. 1912 मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि मग ती चाल पसरत गेली. दिवा प्रखर झाला तशी एक अडचण वाढत गेली. माझा उजेड तो तुझा अंधार. त्यानंतरची दिव्यांची सगळी कथा ही उजेड वाढवण्याची जेवढी आहे, तेवढीच तो खाली दाबण्याची आहे.

फ्रान्सने 1936 मध्ये नियम करून गाड्यांचे पुढचे दिवे पिवळे केले, ते 1993 पर्यंत टिकले. पिवळा उजेड धुक्यात आरपार जातो हा समज तेव्हापासून जगभर फिरतो आहे. खरं तर धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात, ते पांढरा-पिवळा असा भेद फारसा करत नाहीत. पिवळा डोळ्याला सौम्य वाटतो, एवढंच. फॉग लॅम्पची खरी करामत रंगात नाही, जागेत आणि झोताच्या आकारात आहे. दिवा खाली बसवलेला, झोत रुंद आणि चपटा, वरची कड सुरीने कापल्यासारखी. तुमच्या डोळ्यासमोरच्या धुक्यावर तो पडतच नाही, म्हणून परत फिरून डोळ्यात येत नाही. रस्त्याच्या कडा तेवढ्या दाखवतो. लांबचं दाखवणं हे त्याचं कामच नाही.

आपल्याकडे दिवा दाबण्याचा धडा युद्धानेही दिला. 1971 च्या ब्लॅकआउटच्या आठवणी वडील अजून सांगतात. खिडक्यांना काळे कागद, आणि गाडीच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला. युद्ध संपलं तरी काळं फासलेले किंवा मधोमध काळा ठिपका लावलेले दिवे पुढे कित्येक वर्षं दिसत. तेव्हा वरून बघणाऱ्या विमानापासून लपायचं होतं, नंतर समोरून येणाऱ्याला जपायचं होतं. उपाय तोच.

हे सगळं माहीत असूनही मी काय केलं ते सांगतो.

सीएसटी रोडवरून 55 वॅटच्या हॅलोजनची जोडी, वायरिंगचा संच, रिले, फ्यूज आणि स्विच आणला. रविवारी सोसायटीच्या आवारात कामाला लागलो. काम अवघड नाही, पण शॉर्टकट मारण्यासारखंही नाही. दोन दिव्यांचे 110 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट. तो डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून नेला तर स्विच वितळतो. म्हणून मध्ये रिले. स्विच फक्त रिलेला इशारा देतो, खरा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे रिलेच्या 30 नंबरच्या पिनेवर येतो आणि 87 मधून दिव्याकडे जातो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. तार पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी बुश हवाच, नाहीतर महिन्याभराच्या हादऱ्यांनी तार सोलवटते आणि पुढे आग. अर्थिंग रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर. दुपारी तीनला दोन्ही दिवे लागले तेव्हा सोसायटीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूष.

त्याच रात्री एका गल्लीतून येताना समोरून स्कूटरवर एक वयस्कर गृहस्थ आले. अचानक ब्रेक मारला, स्कूटर लडबडली, पाय टेकून कसेबसे सावरले. डोळ्यांवर आडवा हात धरून उभे राहिले. मग शांतपणे जवळ आले, काच वाजवली आणि म्हणाले, "अहो, धुकं कुठंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलुंडमध्ये त्या रात्री स्वच्छ हवा होती. दिवे मी केवळ नवे म्हणून लावले होते. शिवाय तारा जोडण्यात दिवस गेला आणि झोत जुळवायचा राहून गेला होता. ते पडले असते तर? हा विचार अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी भिंतीसमोर लावली. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली, गाडी पंचवीस फूट मागे घेतली आणि झोताची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली येईपर्यंत स्क्रू फिरवले. वेळ लागला वीस मिनिटं. आदल्या दिवशीच्या सहा तासांत ही वीस मिनिटं मला सापडली नव्हती.

कायदा काय म्हणतो? 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. केंद्रीय नियम 106 सांगतो की झोत कायम खाली वळलेला हवा, आठ मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. नियम 111 परवानगीशिवाय पुढे सर्चलाइट लावू देत नाही. म्हणूनच मी कंपनीच्या वरच्या मॉडेलला येतो तोच दिवा, त्याच जागी, तेवढ्याच वॅटचा लावला.

आणि रस्त्यावर काय दिसतं? ईस्टर्न एक्स्प्रेसवर रात्री जाऊन बघा. हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत पांढरेशुभ्र एलईडी कोंबलेले, बाईकच्या हँडलला सर्चलाइट, जीपच्या टपावर पट्ट्या. धुकं कुठेच नाही. एकाने लावले की समोरच्याला दिसत नाही, मग तो त्याहून मोठे लावतो. नाक्यावर हेल्मेट तपासलं जातं, पीयूसी तपासली जाते, झोत कोण तपासतो? पीयूसी केंद्रावर एक भिंत आणि एक आखलेली रेघ, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. मोठा खर्च नाही, नवा कायदाही नको.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. या आठवड्यात गाडी एकदा भिंतीसमोर उभी करा. झोत रेघेच्या वर जात असेल तर स्क्रू फिरवा. आणि धुकं किंवा मुसळधार पाऊस नसेल तर फॉग लॅम्प बंद ठेवा. मी स्विचच्या शेजारी एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर दोनच शब्द आहेत: "धुकं कुठंय?"