दोन मिनिटांचे आकाश : वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे

१/ स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी हा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर. एडिनबरा विमानतळाची धावपट्टीही जवळजवळ एवढीच लांब आहे. वेळापत्रकात या प्रवासासाठी दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असेल, तर तेवढीही लागत नाहीत. वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांनी हे अंतर ५३ सेकंदांत कापल्याची नोंद आहे. जगातील सर्वांत लहान नियमित प्रवासी उड्डाण ते हेच.

२/ इतक्या जवळच्या बेटावर जाण्यासाठी विमान कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर कर्कवॉलमध्ये सापडते. कर्कवॉल हे ऑर्कनीचे मुख्य शहर. रुग्णालय, कचेऱ्या आणि मोठी बाजारपेठ तेथेच. तेथून निघालेले विमान एकाच फेरीत दोन्ही बेटांना स्पर्श करून परतते. दोन मिनिटांचे उड्डाण हा त्या फेरीतला एक सांधा आहे. विक्रम करण्याच्या हेतूने ते कधी सुरू झालेच नव्हते.

३/ या आकाशमार्गाची पूर्वपीठिका १९३० च्या दशकातील आहे. १९३३ मध्ये कॅप्टन फ्रेसन यांच्या हायलँड एअरवेजने इन्व्हरनेस ते कर्कवॉल ही विमानसेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी त्याच मार्गावर टपालही विमानाने जाऊ लागले. लहान बेटांना जोडणारी आजची सेवा मात्र लोगनएअर कंपनीने १९६७ मध्ये सुरू केली.

४/ त्यासाठी योग्य यंत्र हाताशी असणे आवश्यक होते. १९६५ मध्ये प्रथम उडालेले ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन इंजिनांचे छोटे विमान अगदी आखूड धावपट्टीवरून उडते आणि तेथेच उतरते. त्याची चाके पोटात दुमडली जात नाहीत. रचना साधी, देखभाल सोपी. ज्या बेटांवर मोठा विमानतळ बांधणे शक्य नव्हते, तेथे बेटाला साजेसे विमान आले.

५/ या विमानातून शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण प्रवास करतात. पर्यटक आणि पुरातत्त्वज्ञही येतात. पापा वेस्ट्रेवरील 'नॅप ऑफ हावर' ही दगडी घरे पाच हजार वर्षांहून जुनी असून, वायव्य युरोपात आजही उभ्या असलेल्या सर्वांत प्राचीन घरांत त्यांची गणना होते. एवढी दीर्घ वस्ती लाभलेल्या या बेटाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत केवळ ६५ होती. २०११ मध्ये ती ९० झाली. या वाढीचे श्रेय एकट्या विमानाला देता येणार नाही. परंतु वैद्य आणि शिक्षक जेथे पोहोचू शकत नाहीत, तेथे तरुण कुटुंबे टिकत नाहीत, हेही तितकेच खरे.

६/ मूठभर प्रवाशांच्या तिकिटांवर अशी सेवा चालणे अशक्य. म्हणूनच तिला सार्वजनिक निधीचा आधार दिला जातो. रस्ता किंवा पूल बांधताना त्यावरून रोज किती नफा होईल, हे कोणी विचारत नाही; ऑर्कनीत तोच न्याय आकाशाला लावला गेला. नकाशावरचे अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते. माणसाच्या लेखी मात्र ते, गरजेच्या वेळी पलीकडे पोहोचता येते की नाही, यावरच ठरते.