तंटा, तडजोड आणि देवाचा वाटा

उत्सवसमयी श्रींच्या सभामंडपात कीर्तनकार कृष्णशिष्टाईचे आख्यान लावतात, तेव्हा एक गोष्ट श्रोत्यांच्या ध्यानी क्वचितच येते. मध्यस्थ साक्षात भगवंत होता, मागणी अखेर अवघ्या पाच गावांवर आली होती. तरीही शिष्टाई निष्फळ ठरली, कारण दुर्योधन राजी नव्हता. मध्यस्थ कितीही थोर असला, तरी उभय पक्षांच्या राजीखुशीवाचून तडजोड होत नाही. आपल्या देशातील तंटे मिटविण्याच्या रीतींचा इतिहास म्हणजे या राजीखुशीचाच इतिहास होय.

मराठेशाहीत वतनाचा, मानपानाचा किंवा हद्दीचा वाद उपस्थित झाला की तो गोतसभेपुढे येई. चौकशीस आरंभ होण्यापूर्वी वादी-प्रतिवादी सभेचा निवाडा आपणांस मान्य राहील असा लेख लिहून देत. त्याचे नाव राजीनामा. आज नोकरी सोडण्याच्या पत्रास आपण हा शब्द लावतो. मुळात तो राजी असल्याचा लेख होता. निवाड्यानंतर हरलेला पक्ष यजितखत लिहून देई, आणि सभासदांच्या साक्षीनिशी महजर होई. पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झालेले डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात या पद्धतीचा साक्षेपी अभ्यास केला आहे. तथापि गोतसभा निवाडा देत असे. म्हणून ती लवादाच्या जवळची होय, निव्वळ मध्यस्थीच्या नव्हे. शिवाय त्या राजीनाम्यामागे कधी कधी वाळीत पडण्याचे भयही उभे असे, हे विसरता कामा नये.

पोर्तुगीज अमदानीत आपल्या देवस्थानांना महाजनी कायदा लागू झाला. त्याची १९३३ सालची नियमावली आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यानुसार प्रत्येक देवस्थानाची जी घटना तयार झाली, तिला आपण ‘कोंप्रोमिस’ म्हणतो. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ दिलेले वचन असा आहे. म्हणजे आपले महाजनपणच मुळी परस्परांस दिलेल्या शब्दावर उभे आहे! वडिलार्जित मालमत्तेच्या ‘इन्व्हेंतार’ प्रकरणातही न्यायालय हितसंबंधितांना प्रथम समोरासमोर बसविते. वाटणीवर एकमत झाले तर उत्तम. न झाल्यासच बोलीचा प्रसंग येतो. गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यानेही ही बैठक कायम ठेवली आहे.

स्वतंत्र भारतात या विचाराला नवे रूप लाभले. १४ मार्च १९८२ रोजी गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातील ऊना येथे लोकअदालत भरली, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतींना कायद्याचे अधिष्ठान दिले. १ जुलै २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८९ वे कलम नव्या रूपात अमलात आले, आणि दावा मध्यस्थीकडे पाठविण्याची वाट न्यायाधीशांना मोकळी झाली. पुढे २०२३ साली स्वतंत्र मध्यस्थी कायदा संमत झाला व त्याची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ रोजी लागू झाली. मध्यस्थ निवाडा देत नाही, हे या पद्धतीचे मर्म होय. तेथे उच्चारलेला शब्द पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे माणूस मन मोकळे करतो. न पटल्यास कोणीही उठून जावे. मात्र उभयतांच्या सह्यांनी झालेल्या समेटाला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ देण्याची तजवीज या कायद्यात आहे.

प्रस्तुत लेखकाची हयात दप्तरी कारकुनीत गेली. पालखीच्या मानावरून दोन भाऊबंदांत लागलेल्या एका दाव्याची फाईल मी वर्षानुवर्षे हाताळली. मयतांचे वारस दाखल करण्याचे अर्ज मीच त्या फाईलला टाचत असे. निकाल लागला तेव्हा मूळ वादी हयात नव्हता आणि मूळ प्रतिवादीही नव्हता. ज्यांच्या बाजूने निकाल लागला, त्यांची मुले तोवर परगावी स्थायिक झाली होती. पालखीला खांदा देण्यास त्यांच्यापैकी कोणी उरले नव्हते. त्या दोघांना आरंभीच कोणी समोरासमोर बसविले असते तर, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

येथे एक मर्यादा मात्र महाजनांनी नीट ओळखली पाहिजे. अज्ञान व्यक्तीविरुद्धचे आणि देवतेविरुद्धचे दावे सामान्यतः मध्यस्थीस योग्य नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अ‍ॅफकॉन्स खटल्यात म्हटले. २०२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही अशा दाव्यांचा उल्लेख आहे. कारण उघड आहे. अज्ञान बालक आपला हक्क स्वतः राखू शकत नाही, तशीच देवताही. तिची जमीन, तिचे दागिने, तिचे उत्पन्न यांवर तिच्या वतीने उदार होण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. सोडावयाचे ते आपले: आपला अहंकार, आपला आग्रह, आपला पहिला प्रसाद. देवाचा वाटा मात्र पैशापैपर्यंत राखावयाचा.

सोडावे काय आणि राखावे काय, हा विवेक ज्या महाजनमंडळाला साधला, त्याच्या पुढल्या पिढीला वारसदार म्हणून न्यायालयात उभे राहावे लागणार नाही. ती सेवेकरी म्हणून सभामंडपात उभी राहील. तशी सुबुद्धी श्रींनी आम्हां सर्वांस द्यावी, हीच चरणी प्रार्थना.