नॉर्मन बेट्सचे वय

रॉबर्ट ब्लॉकच्या ‘सायको’ (१९५९) या कादंबरीतला नॉर्मन बेट्स चाळिशीचा, स्थूल, चष्मा लावणारा आणि मद्यपी आहे. वाचकाला त्याची शिसारी येते, आणि म्हणूनच तो त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर राहतो. हिचकॉकने १९६०च्या चित्रपटासाठी निवडला तो २७ वर्षांचा, शिडशिडीत, लाजरे हसणारा अँथनी पर्किन्स. वर्गात माध्यमांतर शिकवताना आम्ही पटकथेवरच घुटमळत राहतो. खरा बदल मात्र या निवडीतच होऊन गेला होता, असे आम्हांस वाटते.

पॅरामाउंट नाखूश असल्याने हिचकॉकने स्वतःचा पैसा घातला, आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतली मंडळी घेतली आणि सुमारे ८ लाख डॉलरांत काम भागवले. स्नानगृहातल्या प्रसंगाला ७ दिवस लागले. (रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप, हे आता सर्वश्रुत आहे.) गंमत अशी की, ज्या खुनासाठी पर्किन्स जन्मभर ओळखला गेला, त्याच्या चित्रीकरणाच्या वेळी तो न्यूयॉर्कमध्ये नाटकाच्या तालमीत होता, पडद्याआडची ती आकृती मार्गो एपर या बदली अभिनेत्रीची!

पुढे मृतदेह असलेली मोटार दलदलीत बुडता बुडता क्षणभर थांबते. ती बुडावी म्हणून आम्ही श्वास रोखतो. कादंबरी वाचताना तो रोखला नव्हता.