जेन, यमुना आणि यमू : नायिकेच्या नकाराचा इतिहास

मराठी कादंबरीच्या उगमाचा शोध घेऊ जाणाऱ्यास बेळगावापाशी यावे लागते. उचगावच्या वाचकांना घरचेच वाटणाऱ्या या शहरात १८३१ साली बाबा पद्मनजी यांचा जन्म झाला. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी त्यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते.

त्याआधी दहा वर्षे, १८४७ साली, विलायतेत ‘जेन एअर’ ही कादंबरी निघाली होती. शार्लट ब्राँटी या लेखिकेने ती ‘करर बेल’ या नावाआडून लिहिली. नायिका जेन अनाथ असून शिक्षिकेची चाकरी करून स्वतःचे पोट भरते. ज्याच्याशी लग्न ठरले त्याची पहिली पत्नी जिवंत आहे, हे कळताच ती त्याचे घर सोडते. पुढे एक धर्मोपदेशक तिला पत्नी म्हणून हिंदुस्थानात नेऊ पाहतो, तेव्हा बहीण म्हणून येईन, प्रेमावाचून पत्नी होणार नाही, असे ती बजावते. त्या काळच्या इंग्लंडात विवाहित स्त्रीची कमाई कायद्याने पतीची ठरे. ती तिची स्वतःची मानणारा कायदा १८७० मध्ये झाला आणि मालमत्तेवरील स्वतंत्र हक्क १८८२ मध्ये मिळाला. जेनच्या नकाराचे मोल यावरून ध्यानी यावे.

पद्मनजींची यमुना सुशिक्षित आहे. पतीसह प्रवास करताना ती विधवांचे हाल पाहते, पुढे स्वतः विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. १८५४ मध्ये स्वतः ख्रिस्ती झालेल्या लेखकाला तिच्या सुटकेची हीच वाट दिसली. मात्र जेन आपली कथा स्वतः सांगते, तर यमुनेची कथा लेखक सांगतो.

हे अंतर हरिभाऊ आपटे यांनी तोडले. ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली आणि १८९३ साली ग्रंथरूप झालेली ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी यमूच्याच तोंडून उलगडते. वैधव्यानंतर बळजबरीने तिचे केशवपन होते. तिच्या नकाराला घरात कोणी विचारीत नाही. तरीही तो नकार ‘मी’ म्हणून वाचकांपुढे येतो. असे असले तरी तो ‘मी’ लिहिणारी लेखणी पुरुषाचीच होती.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ या संग्रहातून शिकलेल्या, मिळवत्या अविवाहित मुलींची मने एका स्त्रीने उघड केली आणि मोठे वादळ उठले. ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव धारण करणारी ही लेखिका म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकर. ‘करर बेल’नंतर ८६ वर्षांनीही स्त्रीला तिचे सत्य सांगण्यासाठी टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागला. नायिका नकार देण्यास शिकली होती. तो नकार लिहिणारीला मात्र आपले नाव उघड करणे अद्याप सोपे नव्हते.