रक्ताबाहेरची बिरादरी

बीड जिल्ह्यात माणसाचे मोल कोयत्यात मोजतात. ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती याच हिशेबाने. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर या भागातली गावे रिकामी होऊ लागतात आणि बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या अन् कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ज्या मुलखात पोटापाण्याचे मापच जोडपे आहे, तिथे ज्याचे जोडपे कधी जमणारच नाही अशा माणसाने कुणाच्या आधाराने राहायचे? मुलगा म्हणून जन्मला पण बाईसारखा चालतो, लग्न लावून दिले तर पळून जातो, आया-बहिणींत रमतो आणि भावांचा मार खातो, असा एखादा तरी प्रत्येक गावाला ठाऊक असतो. त्याचे पुढे काय झाले हे गाव विचारीत नाही.

बऱ्याच वेळा तो हिजड्यांच्या घरी गेलेला असतो. हिजडा हा शब्द आम्ही जाणून वापरतो. तृतीयपंथी हा कागदोपत्रीचा शब्द, किन्नर हिंदी वाहिन्यांवरून आलेला. मोहल्ल्यात हिजडाच म्हणतात आणि त्यांच्यापैकी पुष्कळजणी स्वतःलाही तेच म्हणवतात.

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता तीन तपे होऊन गेली. या काळात आम्ही तलाकवर लिहिले, दंगलींवर लिहिले, मोहल्ल्यातल्या दारिद्र्यावर लिहिले. मोहल्ल्याच्या टोकाला असलेल्या या घरावर मात्र आमची लेखणी सहसा थांबली नाही. बाळ जन्मले की टाळ्या वाजवीत येणाऱ्या, दुआ देऊन पैसे नेणाऱ्या, एवढीच त्यांची ओळख आम्ही ठेवली. त्या परत जातात ते घर कसे चालते, कोण कुणाची कोण लागते, हा इतिहासाचा विषय आहे असे आम्हांला वाटलेच नाही.

हे घर रीतीवर चालते. रीत म्हणजे नुसती रूढी नव्हे. रीत घातली की माणूस त्या घरचा होतो. गुरू ही आई, सासू आणि मालकीण, तिन्ही एकदम. गुरूची गुरू ती नानी किंवा दादी. एकाच गुरूच्या चेल्या गुरुबहिणी. शिवाय दूधबेटी, दूधबहीण अशी नाती वेगळी जोडता येतात, आणि त्यांचा गुरूपणाशी संबंध नसतो. म्हणजे कालपर्यंत जी सोबतीण होती, बसस्टँडवर एकत्र चहा पिणारी होती, ती आज रीतीने मुलगी होते, उद्या तिच्या चेलीची आपण नानी होतो. वय यात आडवे येत नाही. मैत्रीला नात्याचे नाव देणे आणि नात्याला हक्क-कर्तव्याची चौकट देणे, हे काम आमच्या समाजात निकाह आणि दत्तक-वारसा करतात. इथे ते जमातीच्या पंचांसमोर होते. भांडण झाले तर दंड बसतो, गुरू बदलायची तर आधीच्या गुरूचे देणे फेडावे लागते. घराण्यांची नावेही मुलखाची आठवण देणारी आहेत: पूनावाला, भेंडीबाजारवाला, दिल्लीवाला, लालनवाला. हैदराबादेत दोनच घराणी, लष्करवाला आणि शहरवाला, असे गायत्री रेड्डी यांनी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात नोंदवले आहे.

हैदराबादचा उल्लेख उगाच केलेला नाही. 1948 पर्यंत बीड हा निजामाच्या राज्यातला जिल्हा होता, आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातला. कचेरीची भाषा उर्दू, साल फसली, आणि मोठ्या कामाला जायचे ते हैदराबादला. अंबाजोगाईचे नावही तेव्हा मोमिनाबाद होते आणि तिथे घोडदळाची छावणी होती. तेव्हा बीडच्या हिजड्यांचा इतिहास शोधायचा तर पुणे-मुंबईकडे बघण्याआधी हैदराबादकडे बघावे लागते.

रेड्डींना हैदराबादेत जे दिसले ते आमच्या वाचकांना नवलाचे वाटेल. तिथल्या हिजडा जन्माने हिंदू असोत, ख्रिस्ती असोत की मुसलमान, एकदा घरात आल्या की स्वतःला मुसलमान म्हणवीत. सलाम करीत, हलाल खात, मोहरम पाळीत. आणि त्याच वेळी निर्वाणाच्या विधीत बेदराज मातेची, म्हणजे गुजरातच्या बहुचरेची, पूजाही होई. यात विसंगती आहे असे त्यांना वाटत नव्हते. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाच तसे वाटू नये. आमच्या गावांत मोहरमच्या सवाऱ्यांना हिंदू घरांतून नवस बोलले जात आणि पंजे उचलणाऱ्यांत सगळे असत. या घराने तेच थोडे पुढे नेले. एका छपराखाली, एका चुलीवर, हिंदूची आणि मुसलमानाची मुले मायलेकी होऊन राहत होती. आंतरधर्मीय सहजीवनावर परिसंवाद घेणाऱ्यांनी या चुलीकडे कधी पाहिले नाही, आम्हीही नाही.

राज्यकर्त्यांनी मात्र पाहिले. मराठा अंमलात दख्खनच्या काही हिजड्यांना इनाम जमिनी आणि ठरावीक टापूत भिक्षा मागण्याचा हक्क होता आणि तो गुरूकडून चेल्याकडे जात असे. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे वारसाहक्क पुढे चालू ठेवायला नकार दिला. लॉरेन्स प्रेस्टन यांनी 1987 साली एका दीर्घ निबंधात हे प्रकरण दप्तरातून बाहेर काढले. पुढे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यातला दुसरा भाग खास यांच्यासाठी होता. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या त्या भागाने नोंद झालेल्या हिजड्याला अज्ञानाचे पालक होणे, बक्षीसपत्र करणे, मृत्युपत्र करणे आणि मुलगा दत्तक घेणे या चारही गोष्टींना अपात्र ठरवले. कायदा करणाऱ्याला हे घर कशावर उभे आहे ते नेमके कळले होते. पालकत्व, देणगी, वारसा आणि दत्तक हेच त्याचे चार खांब. ते काढले की माणसे उरतात, घर उरत नाही.

निजामाने तोच कित्ता गिरवला. 1329 फसलीचा, म्हणजे 1919 चा कायदा हैदराबाद शहरात किंवा सरकार नेमून देईल त्या इतर ठिकाणी राहणाऱ्या, मुले पळवल्याचा किंवा अनैसर्गिक कृत्याचा संशय असणाऱ्या हिजड्यांची यादी करा, असे सांगत होता. यादीतला हिजडा बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय पकडता येई. सोळा वर्षांखालचा मुलगा त्याच्या घरी राहिला तर कैद. एक फर्मान निघाले असते तर बीडही त्यात आले असते. मुसलमान बादशहा, मुसलमानी म्हणवणारी हिजड्यांची घरे, आणि तरी कायदा इंग्रजाच्या साच्यातला! आसफजाही राजवटीचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि तिला नुसत्या शिव्या देणाऱ्यांनी, दोघांनीही हे पान वाचायला हवे. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण तेलंगणच्या पुस्तकात हा कायदा पडून राहिला. तेलंगण उच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. शंभर वर्षांहून अधिक काळ तो जिवंत होता.

‘इस्लाममध्ये यांना जागा नाही’ असे आमच्याकडे सहज बोलले जाते. फिकहची पुस्तके उघडली की चित्र इतके सोपे राहत नाही. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’त खुन्सा, म्हणजे ज्याचे शरीर स्त्री की पुरुष हे ठरत नाही अशा माणसावर, स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा वारसा किती, त्याने हजला काय नेसावे, जमातीच्या नमाजात त्याने कुठे उभे राहावे, याची चर्चा आहे. उत्तर आहे: पुरुषांच्या मागे, स्त्रियांच्या पुढे. म्हणजे मशिदीत त्याची सफ धरलेली होती. अर्थात खुन्सा म्हणजे हिजडा नव्हे. मनाने बाई असलेल्या पुरुषाबद्दल फुकहांचे बोलणे वेगळे आणि पुष्कळदा कठोर आहे. हा फरक झाकून ‘आमच्या धर्मात सगळे आहे’ अशी फुशारकी मारणेही खरे नाही.

मदिनेच्या मशिदीची गोष्टही सांगितली पाहिजे. हुजूरच्या रौज्याची राखण शतकानुशतके खोजांकडे होती. त्यांना आगा म्हणत. चौदाव्या शतकात मदिनेला गेलेल्या इब्न बतूताने त्यांचे वर्णन केले आहे, आणि पुढे तोच प्रवासी आपल्या दौलताबादेतही आला. हे आगा गुलामगिरीतून आलेले, लहानपणी खच्ची केलेले लोक होते, ते लपवायचे कारण नाही. पण त्यांनी तिथे आपली एक बिरादरी केली. तिच्यात दर्जे होते, नेमणुका होत्या, वक्फ होते. दिल्लीत मेहरौलीला लोदी काळातली हिजडों का खानकाह आहे. चुना दिलेल्या चाळीस-पन्नास कबरी, आणि त्यांची देखभाल तुर्कमान गेटच्या हिजड्यांकडे. कल्याणजवळच्या हाजी मलंगला आणि अजमेरच्या उरुसाला हिजडे जमतात ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. त्यांची मय्यत रात्री नेतात, चपलांनी मारतात, ही मात्र ऐकीव गोष्ट. ती सांगणारे ढीगभर, पाहिलेला एकही भेटत नाही.

हे घर म्हणजे जन्नत होती असा कुणाचा समज होऊ नये. चेलीच्या कमाईतला मोठा वाटा गुरूचा. दंडाची रक्कम फेडता फेडता वर्षे जातात. सोडून जाणारीला इतर घरे दार उघडीत नाहीत. बाईसाठी तर असले घरच नव्हते. दोन मैत्रिणींना आयुष्यभर एकत्र राहायचे असेल तर त्यांना ना डेरा, ना रीत, ना गुरू. त्यांचा इतिहास लिहायला कागदही सापडत नाही.

तरी वारशाच्या बाबतीत या घराने न्यायालयात आपले म्हणणे टिकवले. 1990 च्या इलियास विरुद्ध बादशाह ऊर्फ कमला या खटल्यात मृत हिजड्याच्या मालमत्तेवर मृत्युपत्राच्या जोरावर बाहेरच्याने हक्क सांगितला होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने गुरू-चेल्याची रूढी मानली. पक्षकारांची नावे पुन्हा वाचावीत: बादशाह ऊर्फ कमला. हिंदू की मुसलमान, बाई की पुरुष, हे त्या ‘ऊर्फ’मध्ये कुठे शोधणार?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे सगळे हलले. एड्सच्या कामामुळे संस्था आल्या, त्यांच्याबरोबर पगार आला, ओळखपत्र आले. 2011 च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ असा रकाना आला. देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 लोकांनी तो भरला, किंवा त्यांच्या वतीने कुणीतरी भरला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ही ओळख मान्य केली. 2018 मध्ये कलम 377 मधून प्रौढांचे संमतीने ठेवलेले संबंध वगळले.

त्याच 2018 मध्ये आमच्या बीड जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. माजलगाव तालुक्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांची नोंद तोवर ललिता म्हणून, महिला शिपाई म्हणून होती. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नियमात बसेना, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, अखेर सरकारने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. 2020 मध्ये त्यांचे लग्न झाले, 2024 मध्ये ते बाप झाले. आम्हांला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांना गाव सोडून कुठल्या डेऱ्यात जावे लागले नाही. नोकरी, आईबाप आणि गाव यांच्यात राहूनच त्यांनी आपले ते मिळवले. पगारी नोकरी हाताशी होती म्हणून हे जमले, हेही खरे.

दुसरीकडे 2015 मध्ये किन्नर आखाडा स्थापन झाला आणि 2019 च्या प्रयागराज कुंभात तो जुना आखाड्याबरोबर उतरला. हिंदू हिजड्यांना धर्मात मान मिळावा यात वावगे काही नाही. आम्हांला आमच्या मशिदीत सफ हवी तसाच त्यांना घाट हवा. पण 2018 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या बाजूने आखाड्यातून आवाज निघाला तेव्हा अनेक तृतीयपंथी गटांनी जाहीर निषेध केला. त्यांना भीती होती ती चूल वेगळी होण्याची. आमच्याकडचे तबलिगी वळणही काही वेगळे करीत नाही. बेदराज माता शिर्क म्हणून टाकायची, तर तिच्या नावाने मुलगी झालेलीचे काय करायचे?

नव्या मुलामुलींनी आणखी निराळी वाट धरली आहे. बीड, परळी, अंबाजोगाईहून शिकायला किंवा कामाला पुणे-छत्रपती संभाजीनगरला गेलेली ही पोरे दोघे-तिघे मिळून खोली करतात. कुणी समलिंगी, कुणी हिजडा, कुणी अजून स्वतःला नाव न दिलेला. गुरू नाही, दंड नाही, भाडे मात्र वाटून. आजारपणात उशाशी बसणारा दोस्तच. प्रेम होते, मोडते, आणि मोडल्यावरही त्याच खोलीत राहावे लागते, कारण दुसरी खोली कुणी देत नाही. डेऱ्यात नाते मोडायला पंच बसत. इथे ते दोघांनीच निभवायचे.

कायद्याला यातले काहीच दिसत नाही. 2019 च्या कायद्याने कुटुंबाची व्याख्या रक्त, विवाह किंवा रीतसर दत्तक एवढीच केली. घरच्यांनी सांभाळले नाही तर न्यायालयाच्या आदेशाने पुनर्वसन केंद्र. गुरूचे घर किंवा दोस्तांची खोली त्यात बसली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका तरुणीला तिच्या मैत्रिणीबरोबर जाऊ देताना निवडलेल्या कुटुंबाची कल्पना मान्य केली. पण अर्जातला ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ हा रकाना पत्नी, मुलगा, मुलगी, सून, आई असाच भरायचा असतो. चेली, नानी, दूधबेटी, दोस्त हे शब्द त्यात बसत नाहीत. एका चुलीवर जेवणाऱ्या तिघींनी अर्ज करायचा ठरवला, तर त्यांना तीन अर्ज करावे लागतात.